बेलाबद्दल, राहिलेलं बोलणं

प्रिय अनू,

परवा सूरसागरच्या पाळीवर तू म्हणालीस ना की 'ट्वायलाइट' या व्हॅम्पायरच्या कादंबरीमालिकेतली बेला मुळातच बावळट आहे, ते मला पटलं नाही, आणि तेवढ्यात तुझी रिक्षा आली म्हणून आता लिहितेय. बावळट कुठे गं? पहिल्या पुस्तकात आईचं घर हीच सांभाळत आलेली, वडिलांच्या गावी, फोर्क्सला, आल्या आल्या त्यांचा स्वयंपाक हातात घेते. आणि फिनिक्सचं एअरपोर्ट आठव, तिची राखण करणारा व्हॅम्पायर जॅस्पर बाथरूमच्या दाराशी उभा आणि त्या बाथरूमला दुसरं दार आहे हे हिला पक्कं ठाऊक, तिथून सटकते आणि आईला वाचवायला एकटीच जाते. केवढी हुशार आणि धीट!

मग दुसऱ्या पुस्तकात, 'न्यू मून'मध्ये, तिचा व्हॅम्पायर प्रियकर एडवर्ड तिला सोडून जातो आणि पानांवर नुसती महिन्यांची नावं, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. ती पानं मला फार आवडतात, दुःखात असंच होतं. पण नंतर त्याचा आवाज कानात यावा म्हणून बाइक काय, कड्यावरून उडी काय, आणि ती फिनिक्सवाली पोरगी कुठे गेली ते लेखिका सांगतच नाही.

खरा राग मला चौथ्या पुस्तकाचा, 'ब्रेकिंग डॉन'चा आहे. बायोलॉजीच्या वर्गात रक्ताच्या वासाने हिला घेरी येते, तीच पोटातल्या बाळासाठी कपाला स्ट्रॉ लावून रक्त पिते, इथवर मस्त, कारण दिलंय. पण नव्या व्हॅम्पायरला तहान आवरत नाही असं आधीपासून बजावलेलं, आणि ही व्हॅम्पायर झाल्यावर पहिल्याच शिकारीत माणसाचा वास आला तरी स्वतःला थांबवते! एकदा तरी तिचा तोल जायला हवा होता गं.

1897 च्या 'ड्रॅक्युला'तली मीना बघ. शॉर्टहँड, टाइपरायटर, सगळ्यांच्या डायऱ्या तीच टाइप करून जुळवते, मग पुरुषमंडळी तिला काळजीपोटी बाजूला ठेवतात आणि नेमका तेव्हाच ड्रॅक्युला तिला गाठतो. इतकं सोसूनही तो कुठल्या नदीने पळतोय हे शेवटी तीच शोधते. डोकं तेच, पहिल्यापासून.

'इक्लिप्स' तुझ्याकडेच आहे ना? त्यातलं लग्नाचं परत वाच. आईवडिलांनी शाळा संपताच लग्न केलं आणि ते मोडलं, म्हणून हिला अठराव्या वर्षी बोहल्यावर चढायला लाज वाटते, पण माणूसपण कायमचं सोडून व्हॅम्पायर व्हायला मात्र एका पायावर तयार. हा विरोध मला एकदम खरा वाटतो, माणसं अशीच असतात. तुला तिथेही ती बावळटच वाटते का, ते लिही.

तुझीच,
मेघा