ग्राहकांचा डेटा, सॉफ्टवेअर कंपन्या आणि 250 कोटींचा दंड : केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी सांगलीत दुकानं, पॅथॉलॉजी लॅब, लॉज आणि छोट्या दवाखान्यांचे संगणक बसवण्याचं आणि सांभाळण्याचं काम करतो. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि अधिसूचनेप्रमाणे सुरक्षेची मुख्य कलमं मे 2027 पासून लागू होतील. ग्राहकाचा डेटा नीट सांभाळला नाही, तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड. असा कायदा हवाच होता. पण हा डेटा प्रत्यक्षात ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, त्या कंपन्या त्यातून सुटल्या आहेत.

एखाद्या लॅबचंच बघा. काउंटरवर एक संगणक, त्यावर विकत घेतलेलं सॉफ्टवेअर. रुग्णाचं नाव, मोबाइल, साखर, गरोदरपणाची तपासणी, एचआयव्ही, सगळे रिपोर्ट त्यात. कामावरची सगळी मुलं एकाच लॉगिननं बसतात, कारण प्रत्येक जादा युजरचे जादा पैसे पडतात. पासवर्ड कंपनीच्या माणसानं टाकून दिलेला असतो. तोच त्यानं आणखी किती ठिकाणी टाकला आहे, कोणाला ठाऊक! काही अडलं की तो दुसऱ्या शहरात बसून स्क्रीन ताब्यात घेतो आणि काम झाल्यावर ती वाट बंद झाली का, हे लॅबवाल्याला कळत नाही. बॅकअप त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर. रॅन्समवेअर, म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं की मूळ डेटा आणि बॅकअप एका रात्रीत दोन्ही जातात.

आता कायदा काय म्हणतो? कलम 8 नुसार सगळी जबाबदारी लॅबवाल्याची, डेटा हाताळणारी कंपनी दुसरी असली तरी. नियम सांगतात की त्या कंपनीशी करार करताना सुरक्षेच्या अटी घाला. साहेब, तो कसला करार करणार? सॉफ्टवेअर सुरू होताना समोर जे येतं, त्याखाली ‘मान्य आहे’ दाबण्यापलीकडे त्याच्या हातात काही नसतं.

पुरवठादाराच्या घरात आग लागली की झळ कोणाला बसते, हे जुलै 2024 मध्ये दिसलं. बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. तिच्या सेवेवर चालणाऱ्या सुमारे 300 छोट्या बँका, त्यात बहुतेक सहकारी आणि ग्रामीण. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं (एनपीसीआय) कंपनीला काही काळ आपल्या जाळ्यातून बाजूला काढलं, ते योग्यच होतं. पण तेवढा वेळ या बँकांच्या खातेदारांचं यूपीआय बंद पडलं. त्याआधी ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात 94 कोटी रुपये गेले, त्यातली मोठी रक्कम परदेशांतल्या एटीएममधून. शंभरी ओलांडलेल्या बँकेची ही गत झाली, तिथे दोन खोल्यांच्या लॅबनं एकटीनं काय करावं?

छोट्यांना यातून सूट द्या, असं मी मुळीच म्हणत नाही. एखाद्या बाईचा रिपोर्ट गावभर झाला, तर लॅब लहान होती म्हणून तिचं दुःख लहान होत नाही. उलट तिच्यासाठी या कायद्यात भरपाई नाही, याचं मला वाईट वाटतं. दंड सरकारच्या संचित निधीत जाणार, आणि भरपाईची वाट देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43-अ वगळलं जाणार. तिला काय मिळालं? हे कलम काढण्याआधी एकदा विचार करा.

आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना थेट कायद्याखाली आणा. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलायला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नये. प्रत्येक कर्मचाऱ्याचं वेगळं लॉगिन जादा पैसे न घेता मिळावं. दुरून संगणक हाताळण्याची परवानगी काम संपताच आपोआप संपावी, आणि कोण कधी शिरलं याची नोंद मालकाला दिसावी. बॅकअप वेगळ्या जागी आणि कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असावा. तंत्र म्हणून यात अवघड काही नाही. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून कंपन्या देत नाहीत, आणि काय मागायचं हेच गिऱ्हाइकाला माहीत नसतं.

म्हणून या अटी घातलेला एक नमुना करार आपल्या मंत्रालयानं मराठीत आणि इतर भारतीय भाषांत काढावा, आणि त्यावर सही केल्याशिवाय कोणत्याही कंपनीला असं सॉफ्टवेअर विकता येऊ नये. मे 2027 च्या निदान सहा महिने आधी तो हातात पडला, तर माझ्याकडच्या प्रत्येक लॅबमध्ये आणि लॉजमध्ये मी स्वतः तो घेऊन जाईन.

आपला,
सांगलीतील एक संगणक व्यावसायिक