हिवाळा काढलेल्यांची पुस्तकं

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, विमानात पंधराच किलो चालतं. त्यातले बारा किलो गरम कपडेच होतात. पुस्तकं कुठली घेऊ?" मी घाईघाईत दोन-तीन नावं सांगितली, आणि फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहिली. नावं चुकीची नव्हती, क्रम चुकला होता. कुठलं आधी वाचायचं हे अशा प्रदेशाच्या बाबतीत फार महत्त्वाचं असतं. पहिलं पुस्तक जो चष्मा लावतं तो पुढे काढता येत नाही. माझा काढायला काही वर्षं गेली, म्हणून तुला हे नीट लिहून पाठवते आहे.

लडाखवरचं मी वाचायला लागले ते तू पोटात असताना. डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. तुझे बाबा वाचनालयातून जे हाताला लागेल ते आणत. त्यात एक पुस्तक लडाखचं निघालं. ते कुठलं ते पुढे सांगते. तेव्हापासून जे मिळालं ते वाचत आले, आणि एक ठोकताळा मनाशी पक्का झाला. लडाखवर लिहिणारे दोन तऱ्हांचे. एक जूनमध्ये येऊन सप्टेंबरात उतरणारे, दुसरे तिथला हिवाळा काढलेले. पहिल्यांच्या पुस्तकात आकाशाचा रंग असतो, गोंपांच्या, म्हणजे बौद्ध मठांच्या, भिंतीवरची चित्रं असतात, स्वतःच्या मनातली उलथापालथ असते. दुसऱ्यांच्या पुस्तकात जळण असतं. शेणाच्या गोवऱ्या किती उरल्या, सातूचं पीठ मार्चपर्यंत पुरेल का, आजारी माणसाला कुठून न्यायचं. तू लडाखच्या झंस्कर भागातल्या पदुमला दोन वर्षं शिकवायला चालली आहेस, म्हणजे दोन हिवाळे. तेव्हा दुसऱ्या तऱ्हेची पुस्तकं आधी.

सगळ्यांत आधी गुलाम रसूल गलवान. पुस्तकाचं नाव 'सर्व्हंट ऑफ साहिब्स', १९२३ साली केंब्रिजहून निघालेलं. गलवान लेहचा. घरी गरिबी, पोरवयातच तो साहेबांच्या मोहिमांबरोबर घोडे हाकायला जाऊ लागला आणि पुढे अनुभवाने काफिल्याचा म्होरक्या झाला. इंग्रजी तो शाळेत शिकला नाही, साहेबांच्या तोंडून उचललं. एका अमेरिकन प्रवाशाच्या बायकोने त्याला आपली हकिकत लिहायला लावली आणि त्याचं ते मोडकंतोडकं इंग्रजी बरंचसं तसंच ठेवून पुस्तक केलं. पहिली वीस पानं तू अडखळशील. व्याकरण दुरुस्त करायला हात शिवशिवतील, शिक्षकाचे असतातच. पण तिसाव्या पानापासून तो माणूस समोर बसून बोलतोय असं वाटायला लागतं. ज्या मोहिमांवर साहेबांनी नकाशांसकट जाडजूड ग्रंथ लिहिले त्यांचीच ही दुसरी बाजू. साहेब उंची मोजतो, हा घोड्याच्या पाठीवरची जखम बघतो. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्याचं नाव आपल्याकडे घराघरांत पोचलं. ते खोरं याच माणसाच्या नावाचं. आणि त्याच्या घराण्याला ते नाव कसं पडलं, काळा गलवान नावाचा दरोडेखोर पूर्वज कोण होता, ती गोष्ट पुस्तकातच वाच. मी सांगितली तर मजा जाईल.

त्याच्या मागोमाग अब्दुल वाहिद राधू. त्याचं पुस्तक आधी फ्रेंचमध्ये निघालं, इंग्रजीत 'तिबेटन कॅराव्हान्स'. लेह आणि ल्हासा यांच्यामध्ये १६८४ च्या तहापासून एक काफिला जात असे, त्याला लोपचाक म्हणत. दर तीन वर्षांनी लडाखहून दलाई लामांसाठी नजराणा घेऊन निघायचा, आणि नजराण्याबरोबर व्यापारही व्हायचा. आता गंमत बघ. बौद्ध राज्याचा बौद्ध धर्मगुरूंना पाठवलेला हा नजराणा नेण्याचा मान लेहच्या मुसलमान व्यापारी घराण्याकडे होता. राधू त्याच घरातला, अलीगढला शिकलेला. १९४२ साली तो या काफिल्याबरोबर गेला. पुढे सरहद्दी बंद झाल्या आणि ती वाटच संपली. सई, हे पुस्तक मी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा शेवटाकडे वाचनाचा वेग आपोआप कमी झाला. जे जग तो सांगतोय ते त्याच्या हयातीतच नाहीसं झालं हे ठाऊक असतं ना. तुझ्या वर्गात बौद्ध मुलं असतील, पदुमची मुसलमान मुलंही असतील. त्यांचे पणजोबा एकाच वाटेने मीठ-पीठ वाहत होते हे माहीत असलेली बाई वर्गात वेगळी वागते, असं मला वाटतं.

या दोघांनंतर जॅनेट रिझवी. नवऱ्याच्या नोकरीमुळे ही ब्रिटिश बाई १९७० च्या दशकात लेहला राहिली, मुळात इतिहासाची अभ्यासक. 'लडाख: क्रॉसरोड्स ऑफ हाय एशिया' हे १९८३ चं. एकच पुस्तक न्यायचं म्हणालीस तर हेच ने म्हणेन, कारण भूगोल, राजे, शेती, पाणी, धर्म सगळं एका जागी आणि कुठेही आवाज न चढवता सांगितलेलं आहे. पण माझं आवडतं तिचं दुसरं, 'ट्रान्स-हिमालयन कॅराव्हान्स', १९९९ चं. म्हाताऱ्या व्यापाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना भेटून, त्यांच्या आठवणी विचारून लिहिलेलं. मध्य आशियातल्या यारकंदहून काराकोरम खिंडीने येणारा माल, ५,५०० मीटरहून उंच वाट, वाटेच्या कडेला मेलेल्या जनावरांची हाडं, हे सगळं त्यात आहेच. पण तुझ्या उपयोगाचं म्हणजे मिठाचं प्रकरण. चांगथांग पठारावरच्या सरोवरांकाठचं मीठ आणि झंस्करचा सातू यांची अदलाबदल. तिथल्या भटक्या मेंढपाळांकडे, चांगपांकडे, मीठ आणि लोकर, पण त्या उंचीवर धान्य पिकत नाही. झंस्करकडे धान्य, मीठ नाही. एवढ्या साध्या गरजेवर पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख उभी राहिली. ठरलेल्या घराने ठरलेल्या घराशीच देवघेव करायची. पदुमला कुणी आजोबा भेटले आणि बोलायचं काय कळेना, तर मिठाचं विचार.

आता ते अंथरुणावरचं पुस्तक. हेलेना नॉरबर्ग-हॉज यांचं 'एन्शंट फ्युचर्स', १९९१ चं. भाषेची अभ्यासक असलेली ही बाई १९७५ साली लडाखला गेली. १९७४ मध्येच तो भाग पर्यटकांना खुला झाला होता. ती भाषा शिकली आणि वर्षानुवर्षं तिथे येऊन-जाऊन राहिली. हेमिस शुकपाचनमधल्या एका तरुणाला तिने विचारलं की गावातलं सगळ्यांत गरीब घर कुठलं, तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडे गरीब कुणी नाही. काही वर्षांनी तोच तरुण पर्यटकांना सांगत होता, लडाखींसाठी काहीतरी करा, आम्ही फार गरीब आहोत. पैसा, रस्ता, टीव्ही आणि शाळा यांनी माणसाच्या मनात स्वतःबद्दल कमीपणा कसा पेरला, हे त्या पुस्तकाइतकं स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मी तेव्हा वाचून रडले होते.

तू झाल्यावर पुन्हा वाचलं आणि थबकले. तुझ्या वेळी शेवटच्या रात्री काय धावपळ झाली ते तुला माहीत आहे. रुग्णालय वीस मिनिटांवर होतं म्हणून आपण दोघी आहोत. झंस्करमध्ये तेव्हा हिवाळ्यात बाहेर पडायचं तर गोठलेल्या नदीवरून, चादरीवरून, दिवसचे दिवस चालत. त्या सुखी गावातल्या अडलेल्या बायकांचं काय होत होतं? लेखिकेने हालअपेष्टा लपवल्या आहेत असं नाही, पण तिचं मन हरवलेल्या गोष्टींत जास्त गुंतलं आहे. मला त्या बायकांची बाजू हवी होती आणि ती मिळाली नाही. म्हणून हे पुस्तक वाच, जरूर वाच, पण तिसरं-चौथं वाच, आणि तिथल्या बायकांशी बोलायला लागल्यावर वाच. २०२४ मध्ये लेहजवळच्या निम्मूहून पदुममार्गे हिमाचलमधल्या दारच्याला जाणारा रस्ता जोडला गेला. त्या रस्त्याबद्दल त्या काय म्हणतात ते आधी ऐक. शाळेवरचा तिचा राग मात्र मनावर घे. आपल्या शेताचं, पाण्याचं काहीच न शिकवता परक्या पुस्तकांतून मुलांना नापास करणारी शाळा, असं तिने लिहिलं आहे. तू त्याच शाळेत उभी राहणार आहेस.

आणि त्यातलाच एक शब्द आत्ताच पाठ कर. लडाखीत माणसाला लागेल अशी सगळ्यांत वाईट शिवी म्हणजे 'शोन चान', चटकन रागावणारा. तुझ्या नाकावरचा राग मला ठाऊक आहे, बाळा. पहिल्या महिन्यात तो मुलांना दिसू देऊ नकोस.

उन्हाळी पाहुण्यांची पुस्तकं वाईट नसतात, फक्त त्यांची घाई नाही. अँड्र्यू हार्वे यांचं 'अ जर्नी इन लडाख' गुरूच्या शोधाचं आहे, तुला ओढ वाटली तर वाच. मिशेल पेसेल यांचं झंस्करवरचं १९७९ चं पुस्तक पदुमला मोटार पोचण्याआधीच्या दिवसांचं आहे, म्हणून ठेव. इझाबेला बर्ड १८८९ साली, साठीला टेकलेली असताना घोड्यावरून लडाखच्या नुब्रा खोऱ्यापर्यंत गेली आणि वाटेत शायोक नदीत घोड्यासकट पडली. त्याबद्दलचं तिचं छोटं पुस्तक एका दुपारी संपतं. हिंदीत राहुल सांकृत्यायन यांचं 'मेरी लद्दाख यात्रा' आहे, आणि तिबेटी जाणणाऱ्या माणसाने लिहिलेलं असल्याने त्याचं वजन वेगळं. लडाखच्या बाहेरचं एकच, 'द स्नो लेपर्ड'. पीटर मॅथिसन १९७३ साली नेपाळच्या डोल्पोत गेला, त्याच्या आदल्या वर्षी त्याची बायको कॅन्सरने गेली होती आणि आठ वर्षांचा मुलगा घरी होता. सगळे त्या पुस्तकातल्या न दिसलेल्या हिमबिबट्याबद्दल बोलतात. मी पानोपानी त्या मुलाची वाट बघत होते. आई झाल्यावर वाचण्याचं हेच होतं.

शेवटचं राखून ठेवलं आहे ते झंस्करचं, पण त्याची गोष्ट लेहपासून सुरू होते. विल्यम मूरक्रॉफ्ट हा ईस्ट इंडिया कंपनीचा घोड्यांचा डॉक्टर. बिहारमधल्या कंपनीच्या पागेसाठी जातिवंत घोडे शोधायला निघाला आणि १८२० साली लेहला पोचला. पुढे यारकंदला जायची परवानगी मिळेना, म्हणून दोन वर्षं तिथेच अडकला. घोडे मिळाले नाहीत, पण त्या अडकण्यातून झालेलं पुस्तक बघ. गवत, मेंढ्या, पश्मिना, जर्दाळू, सगळ्याच्या नोंदी. लोकांच्या डोळ्यांवर त्याने शस्त्रक्रिया केल्या. १८२५ मध्ये तो अफगाणिस्तानात वारला आणि प्रवासवर्णन निघालं १८४१ साली. दोन जाड खंड आहेत, सलग वाचू नकोस, लेहचा भाग तेवढा काढून वाच.

हा मूरक्रॉफ्ट १८२२ च्या उन्हाळ्यात द्रासजवळ एका फाटक्या प्रवाशाला भेटला. शांदोर चोमा द कोरोश, हंगेरियन. आपल्या लोकांचं मूळ आशियात शोधायचं म्हणून ट्रान्सिल्व्हेनियातून निघालेला, बराचसा प्रवास पायी केलेला. मूरक्रॉफ्टने त्याला तिबेटी शिकायचं सुचवलं आणि तो झंस्करमधल्या झांगला गावी, तिथल्या लामाकडे शिकायला जाऊन राहिला. १८२३ चा उन्हाळा ते १८२४ ची शरद. हिवाळ्यात तो, लामा आणि एक नोकर नऊ फूट लांब-रुंद खोलीत तीन-चार महिने कोंडलेले. विस्तव नाही, अंधार पडला की दिवा नाही, निजायला जमीन. मेंढीच्या कातड्याच्या झग्यात हात दुमडून हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचत बसे. पान उलटायला हात बाहेर काढणंही जिवावर येई. तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ साली कलकत्त्यात छापला गेला, त्याची सुरुवात त्या खोलीत आहे. थिओडोर डुका यांनी १८८५ मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्रात हे सगळं आलं आहे. मी ते पीडीएफवरून छापून, शिवून घेतलं आहे.

तर गलवान, राधू आणि रिझवीबाईंचं पहिलं पुस्तक बॅगेत टाक, तीन किलोंत बसतील. बाकीची मी पोस्टाने पाठवते, झंस्करच्या वाटेवरची पेन्झी ला खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत पोचतील असं बघते. पुस्तकात पेन्सिलीने खुशाल लिही, मी लिहिलेलंच आहे. वर्गातल्या मोठ्या मुलांना ती वाचायला दे, परत आली नाहीत तरी चालेल, फक्त डुका जपून ठेव.

झांगला पदुमहून दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. जुन्या वाड्यातली ती खोली अजून दाखवतात. उन्हाळ्यात जाशीलच, पण एकदा जानेवारीत जा, कुणाला तरी सोबत घेऊन. हातमोजे काढून पुस्तकाची पानं उलटून बघ, आणि बोटं किती पानांपर्यंत चालली ते मला लिही.

तुझी,
आई