गुऱ्हाळाची राख

सातारा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या आठवड्यात फोनवर बाबांनी विचारले की, मातीच्या भांड्यांवर काचेसारखा थर देणाऱ्या झिलईची तयार पूड बाजारात पिशवीतून मिळत असताना मी चार महिने एकाच झिलईमागे का लागले आहे. त्या वेळी भट्टी चालू होती, माझे अर्धे लक्ष तापमानाच्या काट्याकडे होते आणि मी उत्तर टाळले. ते मनाला लागून राहिले, म्हणून आज सविस्तर लिहिते.

दिवाळीनंतर निघताना बाबांनी मळ्याशेजारच्या गुऱ्हाळाच्या चुलाणातील राख पोत्यात भरून दिली होती. लाकडाच्या भट्टीत उडालेली राख भांड्यांवर बसते आणि बाराशे अंशांच्या पुढे मातीशी एकजीव होऊन तिची काच बनते, ही गोष्ट चीनमधील कुंभारांना तीन हजार वर्षांपूर्वीच उमगली होती. तशीच आपली राखही वितळेल, असे मी गृहीत धरले. ती ८० नंबरच्या चाळणीतून चाळली, चार पाण्यांनी धुतली, वाळवली आणि एकदा भाजून घेतलेल्या वाट्यांना लावून भट्टी १,२८० अंशांपर्यंत नेली. दोन दिवसांनी दार उघडले, तर वाट्यांवर पांढुरकी, खरबरीत, नखाने खरवडून निघेल अशी कोरडी पुटे होती. त्याच फळीवर बाभळीच्या राखेची एक वाटी मी सहज म्हणून ठेवली होती. ती मात्र इतकी वितळली होती की हिरवट काच तळापर्यंत ओघळून फळीला चिकटली होती. ती सोडवताना वाटीही गेली आणि फळीही.

मला त्या दिवशी वाईट वाटले, पण त्या दोन वाट्यांनीच मला पुढचे सर्व शिकवले. लाकडाच्या राखेत चुना भरपूर असतो आणि तो झिलईला वितळायला मदत करतो. ऊस मात्र मुळात गवत आहे, आणि गवते जमिनीतून सिलिका शोषून पानांत व कांड्यांत साठवतात. लहानपणी पाचट वेचताना आपले हात कापायचे, ती धार याच सिलिकेची. चिपाड जळून गेले की ती राखेत उरते, आणि नुसती सिलिका वितळवायची तर सतराशे अंश लागतात. माझी भट्टी तिथवर जात नाही. म्हणजे राख वाईट नव्हती, मी तिला भलतेच काम सांगितले होते.

जपानमधील कुंभार भाताच्या तुसाच्या राखेपासून नुका नावाची दुधी झिलई करतात. तूस आणि उसाचे चिपाड या बाबतीत सख्खी भावंडे आहेत. म्हणून मी उसाची राख, बाभळीची राख आणि फेल्डस्पार हे भट्टीत वितळणारे खनिज अशा तिघांचे प्रमाण वीस-वीस टक्क्यांनी बदलत मातीच्या २१ चाचणी-चकत्या केल्या. बहुतेक चकत्या कोरड्या राहिल्या किंवा वाहून गेल्या, पण एका चकतीवर झिलई जिथे जाड होती तिथे तापलेल्या दुधावरच्या सायीसारखी धरली होती आणि कडेला, जिथे ती पातळ झाली होती, तिथे फिकट निळसर झाक होती. ती चकती मी अजून खिशात घेऊन फिरते.

बाहेरच्या बाजूसाठी मी खडी क्रशरवरची काळ्या दगडाची बारीक पूड वापरते. अजिंक्यताऱ्याचा हा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा. त्यात लोह बरेच असल्याने भट्टीत तो पुन्हा वितळतो आणि काळपट तपकिरी, तेलकट चमकेची झिलई देतो. आतून आपल्या उसाची साय आणि बाहेरून साताऱ्याचा दगड असे भांडे पिशवीतल्या पुडीतून मिळणार नाही, बाबा. तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे.

नुकसान झाले, हे लपवत नाही. मागच्या भाजणीत एक मागणी पोचवायची घाई होती, म्हणून मी भट्टीची झडप लवकर उघडली. ५७३ अंशांच्या आसपास मातीतील क्वार्ट्झचे, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेचे, कण एकदम आकसतात आणि तेव्हा थंड वारा लागला तर भांडे तडकते, हे मला ठाऊक होते, तरीही मी थांबले नाही. ३४ भांड्यांपैकी ९ उभी चिरली. आता भट्टी शंभर अंशांच्या खाली आल्याशिवाय दाराला हात लावत नाही, मग कोणी कितीही फोन करो.

आई, तुझ्यासाठी दोन वाट्या पाठवत आहे. झिलईत शिसे नाही, तरी वापरण्याआधी त्यात लिंबाची फोड रात्रभर ठेव आणि सकाळी रंग फिका पडला आहे का ते मला कळव. मी इथे करून पाहिले आहे, पण तुझ्या डोळ्यांवर माझा जास्त विश्वास आहे. लोणच्याची बरणी मात्र एवढ्यात देणार नाही. मीठ आणि आंबटपणा वर्षभर झिलईला लागून राहणार, आणि तिच्यावर केसाएवढी जरी रेघ पडली तरी खार आत मुरेल. ते पुरते तपासल्याशिवाय तुझ्या कैऱ्या मी त्यात घालू देणार नाही.

बाबा, राख संपत आली आहे. गुऱ्हाळ बंद होण्याआधी आणखी दोन पोती मिळाली तर पुढची पाच-सहा महिन्यांची सोय होईल. ज्या दिवशी चुलाणात चिपाडाशिवाय दुसरे काही जाळले असेल, त्या दिवशीची राख घेऊ नका, आणि पोती पावसाळी हवेत उघडी ठेवू नका. राख भरताना नाकाला ओले फडके नव्हे, सोबत पाठवलेला मास्कच बांधा. ही धूळ फुप्फुसात बसते आणि पुन्हा निघत नाही. चाळायचे काम माझ्यावर सोडा.

तुमची लेक