वेळेवर थांबणारं इन्सुलिन

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली इन्सुलिनची बातमी वाचली. आठवड्यातून एकच सुई, म्हणून तू किती खूश झालीस ते तुझ्या मेसेजवरूनच कळलं. पेन आणि कार्ब्जचा हिशेब यांचा तुला किती वीट आलाय, हे मला का ठाऊक नाही! पण मला सुयांच्या संख्येचं तितकंसं अप्रूप नाही. आठवड्याचं इन्सुलिन तर आलंच आहे. आयकोडेक हे त्याचं नाव, २०२४ मध्ये त्याला युरोपात मान्यता मिळाली. मात्र तुझ्यासारख्या टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांवरच्या चाचणीत त्याने शुगर लो होण्याचे प्रसंग रोज घ्यायच्या डेग्लुडेक इन्सुलिनपेक्षा जास्त निघाले. साहजिकच आहे. तू जेवलीस की उपाशी झोपलीस, हे त्या औषधाला कुठून कळणार?

मला हवंय ते साखर उतरताच हात आवरणारं इन्सुलिन. तू चौथीत असताना पहाटे तुझी मान चाचपून बघायचो. घामाने गार लागली की उठवून बसवायचं, ग्लुकोजचं पाणी द्यायचं, आणि तू झोपेतच चिडून पेला ढकलायचीस. ती धास्ती अजून गेलेली नाही.

म्हणून २०१३ चं एमआयटीचं काम मला इतकं भावतं. त्यांनी डेक्स्ट्रानचे, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांच्या पदार्थाचे, नॅनोकण केले आणि त्यांत इन्सुलिनबरोबर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम कोंडलं. काही कणांवर चिटोसानचा धन भार, काहींवर अल्जिनेटचा ऋण. त्यामुळे ते एकमेकांना धरून राहतात आणि त्वचेखाली जाळं बनतं. (चिटोसान कोळंबीच्या कवचापासून मिळतं बरं का, आपल्या बंदरावर ढिगाने पडतात तीच कवचं!) साखर वाढली की एन्झाइम तिचं ग्लुकॉनिक आम्ल करतं, आम्लाने डेक्स्ट्रान विरघळतं आणि इन्सुलिन सुटतं. साखर उतरली की आम्ल कमी, गळतीही कमी. मधुमेही उंदरांची साखर एका इंजेक्शनवर दहा दिवसांपर्यंत ताब्यात राहिली.

मग इतकी वर्षं अडलंय कुठे? कल्पना तर १९७९ पासूनची आहे. ब्राउनली आणि सेरामी या शास्त्रज्ञांनी तेव्हाच इन्सुलिन लेक्टिनला, म्हणजे साखरेला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला, बांधून पाहिलं होतं. अडचण थांबण्यात आहे. जाळ्यातून एकदा सुटलेलं इन्सुलिन परत बोलावता येत नाही. शिवाय त्वचेखालची साखर रक्तातल्या साखरेच्या मागून चालते, हे तू अंगावरच्या ग्लुकोज सेन्सरवर रोजच बघतेस.

नोवो नॉर्डिस्क या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये वेगळी वाट काढली. कण नाहीतच, इन्सुलिनच्या रेणूलाच खटका बसवला. तो रेणू रक्तात फिरत असतो आणि साखर उतरली की आपोआप मंदावतो, त्यामुळे परत बोलावण्याचा प्रश्नच येत नाही. साखर ५४ वरून ३६० मि.ग्रॅ./डे.लि. वर नेली, तर पेशींवरच्या रिसेप्टरला (जिथे चिकटून इन्सुलिन काम करतं) चिकटण्याची त्याची ताकद सुमारे तिप्पट होते. उंदीर आणि डुकरांवर त्याने लो होण्यापासून बचाव केला. पूर्ण बंद होणारा खटका नाही हा, पण मला खरी आशा वाटते ती याच वाटेवर.

हे दवाखान्यात यायला वेळ आहे, तोवर बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं रोजचं इन्सुलिन, एक दिवसही चुकवू नकोस. परीक्षेच्या दिवसांत सेन्सरचा लो अलार्म बंद करून झोपतेस असं आई म्हणाली. तो चालू ठेव, रूममेटला त्रास झाला तर मी बोलतो तिच्याशी. आणि दिवाळीला येताना रात्रीचे आलेख घेऊन ये, डोस कमी करायचा का ते डॉक्टरांना दोघं मिळून विचारू.

तुझा,
बाबा