दुर्बीण रस्त्याकडेला लावशील तेव्हा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

दुर्बीण गच्चीवर न नेता फुटपाथवर लावायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. ज्यांनी कधी दुर्बिणीला डोळाच लावला नाही, ती माणसं तिथेच भेटतात.

दिव्यांच्या उजेडाची काळजी नको. त्यात तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे अंधुक ढग, हरवतात. चंद्र, गुरू, शनी हरवत नाहीत. चंद्र मात्र पौर्णिमेचा नको. तेव्हा सूर्याचा उजेड समोरून पडतो, सावल्या उरत नाहीत आणि चंद्र सपाट दिसतो. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर बघ, विवरांच्या कडा लखलखतात आणि पोटात काळीभोर सावली असते.

एक कळकळीनं सांगते. डोळा लावण्याआधी कुणाला काही समजावू नकोस. आधी बघू दे. शनी बघून कुणीतरी विचारणारच, "आत चित्र चिकटवलंय का?" रागावू नकोस, तो प्रश्न चांगला आहे. दुर्बिणीला हात न लावता त्यांना बघत राहायला सांग. शंभरपट मोठा दिसणारा शनी दिसणाऱ्या वर्तुळाच्या एका काठाशी आणून ठेवलास, तर दोनेक मिनिटांत सरकत सरकत दुसऱ्या काठानं बाहेर जातो. चित्र असं सरकत नाही. मग सांग, सरकतेय ती आपली पृथ्वी. मोटर नसलेल्या साध्या दुर्बिणीचं हे मला फार मोठं देणं वाटतं.

2025 च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्या दिशेनं अगदी कडेवर आली होती. आता ती वर्षागणिक रुंद दिसत जातील, म्हणजे तू वेळेवर सुरुवात करतो आहेस.

जॉन डॉब्सन यांनी साथीदारांसह 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हेच, फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणं, सुरू केलं. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून ते आरसे बनवत. तुझ्या दुर्बिणीची लाकडी बैठक त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

बाकी किरकोळ. मुलांसाठी स्टूल ने. चष्मेवाल्यांना चष्म्यासकट बघू दे, धूसर वाटलं तर फोकस त्यांनाच फिरवू दे. आजी-आजोबांना वाकायला वेळ लागतो, रांग थांबेल. आणि दिवसा कुणी कितीही आग्रह केला तरी, दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय सूर्याकडे वळवू नकोस.

पहिल्या रात्री कोण कोण थांबलं, काय काय विचारलं, ते सविस्तर लिही.

तुझी,
आई