ज्येष्ठांचा ऑनलाइन व्यायाम: आधी खुर्ची पाहा

महोदय,

टाळेबंदीत रुळलेले ज्येष्ठांचे ऑनलाइन व्यायामवर्ग अजूनही अनेकांच्या सोयीचे आहेत. मात्र सभागृहातला वर्ग जसाच्या तसा मोबाइलसमोर घेणे धोक्याचे आहे. सभागृहात तोल गेला तर प्रशिक्षकाचा हात पोचतो. पडद्यातून पोचत नाही.

या भीतीने तोलाचे व्यायामच गाळले जातात आणि बसल्या जागी हात हलवणे तेवढे उरते. हे फार मोठे नुकसान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींना तोल आणि ताकदीवर भर देणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितले आहेत. ते घरीही होतात, पण स्वयंपाकाच्या ओट्याशी. आधी दोन्ही हातांनी कड धरून टाचा उचलायच्या, काही दिवसांनी एका हाताने, मग नुसती बोटे टेकवून. एका पायावर १० सेकंद पुरेत. वर्षभरात कधी पडलेल्यांनी मागे खुर्ची ठेवावी आणि घरात दुसरे कोणी असतानाच उभे राहावे.

उठबशीसाठी खुर्ची वजनदार, बिनचाकांची, भिंतीला टेकवलेली हवी. प्लास्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर नेमकी बसताना मागे सरकते. पायांत मोजे नकोत, सतरंजी गुंडाळून ठेवावी.

फोन आडवा, कमरेच्या उंचीवर, सहा-आठ फुटांवर ठेवावा. खुर्चीचे पाय दिसले तरच गुडघे आत वळतात का, हे प्रशिक्षकाला कळते. मागे उघडी खिडकी असेल तर माणसाची नुसती काळी सावली दिसते.

आवाज उशिरा पोचतो, म्हणून सर्वांना एका ठेक्यात धरू नये. करून दाखवावे, मग थांबून पाहावे. डावे-उजवे चुकते, त्यासाठी प्रत्येकाच्या उजव्या मनगटाला रुमाल बांधावा. दहा जणांमागे एक सहायक फक्त पाहण्यासाठी हवा. त्याच्याजवळ प्रत्येकाचा पत्ता आणि शेजाऱ्याचा फोन असावा. कोणी चौकटीतून दिसेनासे झाले, की लगेच फोन.

झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत तुटते आणि नेमके शेवटचे शिथिलीकरण राहून जाते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना व्यायाम एकदम थांबवल्यावर गरगरू शकते. म्हणून वर्ग ३० मिनिटांत आटोपावा. उरलेल्या वेळात सर्वांना खुर्चीत बसवून एकेकाला नावाने विचारावे.

– ज्येष्ठांच्या व्यायामवर्गांचे प्रशिक्षक, पुणे