गाडी थांबवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापलंस तर पुन्हा शेडमध्ये पाय ठेवू नकोस, असं बजावलंत म्हणून नुसतं ‘काका’ लिहितोय. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

बाबांच्या स्टँडर्ड हेरल्डला चारही चाकांना ड्रम ब्रेक. दिवे घाट उतरताना ते तापले की पाय पेडलवर आणि गाडी आपल्याच तंद्रीत, असा प्रकार व्हायचा. ही गाडी मद्रासला १९६१ पासून बनू लागली. तिकडे इंग्लंडात हेरल्डच्याच हाडामांसाची ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ साली आली ती पुढच्या चाकांना गर्लिंग कंपनीचे डिस्क ब्रेक घेऊनच. त्यामुळे हबसकट (चाक बसतं त्या मधल्या भागासकट) अख्खा संच मिळाला तर तो हेरल्डला बसतो. कॉव्हेंट्रीला शिकणाऱ्या भाच्याने भंगारात निघालेल्या एका स्पिटफायरचा संच मिळवला. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या, कपड्यांत गुंडाळून आणल्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटणारे कॅलिपर आणले ते आईने चकल्या भरून दिलेल्या डब्यातून. (डबा आई आता परत घेत नाही.)

कॅलिपर पाहून तुम्ही एवढंच म्हणालात, “पाण्यातून काढलेत काय?” ऑइलच्या दाबाने ब्रेक दाबणारे आतले पिस्टन गंजून जाम. मी कॉम्प्रेसरची हवा मारायला निघालो होतो, तर तुम्ही माझा हात धरलात. हवा दबते आणि पिस्टन सुटला की गोळीसारखा येतो, बोट राहत नाही. तुम्ही ऑइलच्या भोकाला ग्रीस गन जोडलीत, सुटू पाहणाऱ्या पिस्टनला क्लॅम्प लावलात आणि अडलेल्याला ग्रीसने ढकलायला लागलात. दहा-बारा दाब झाले तरी ढिम्म. मग ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि तपकिरी कड केसभर वर आली. मी टाळी वाजवली. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत, तेव्हा गप्प बसलो.

त्यानंतर मी पॉलिश पेपर काढला, तोही तुम्ही ठेवायला लावलात. पिस्टनवरून माझंच नख फिरवायला सांगितलंत. नख अडकलं. “नख अडतं तिथून ऑइल गळतं.” इतकी वर्षं मी समजत होतो की सील, म्हणजे ऑइल अडवणारं रबरी कडं, पिस्टनवर असतं. ते असतं कॅलिपरच्या खाचेत, पिस्टन त्यातून सरकतो. म्हणून आतल्या भिंतीवरचे चार डाग चालतात, पिस्टनवरचा एकही नाही. ब्रेक दाबला की त्या रबराला पीळ बसतो आणि पाय काढला की तेच पिस्टनला किंचित मागे ओढतं, वेगळी स्प्रिंग लागत नाही. हे तुम्ही चहाच्या कपाला रबरबँड लावून दाखवलंत. चहा सांडला, पण डोक्यात बसलं.

चारही पिस्टन तुम्ही स्टेनलेसचे नवे केलेत. आधी लेथवर, मग ओळखीच्या माणसाकडून ग्राइंडिंग. सीलची खाच अगरबत्तीच्या काडीने तासभर कोरत बसलात. मी धुवायला रॉकेलची बाटली आणली तेव्हा मात्र खरंच चिडलात. रॉकेलने रबर फुगतं, हे मला माहीत असायला हवं होतं. बरोबरच होतं तुमचं.

डिस्क डायल गेजवर (वाकडेपणा मोजायच्या काट्यावर) लावल्या तर एक चांगलीच डोलत होती. तिचं फेसिंग करून, म्हणजे लेथवर सपाट करून, जाडी पुन्हा मोजून मगच हातात दिलीत. ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा काढताना पेडल मारायला काकूंना बसवलंत, त्याबद्दल त्यांचेही आभार आणि माफी. “दाबा, धरा, सोडा” चाळीस वेळा ऐकून त्यांनी शेवटी आमटी करपल्याचं सांगितलं.

पैसे घेतलेत ते फक्त पिस्टनसाठी आणलेल्या स्टेनलेस रॉडचे आणि ग्राइंडिंगचे.

परवा पावसात दिवे घाट उतरलो. दोन वळणांवर मुद्दाम जोरात दाबलं. गाडी सरळ रेषेत थांबली, मागचा टेंपोवालाच दचकला. तुमचा तो खड्डे पडलेला जुना पिस्टन टेबलावर कागद दाबायला ठेवलाय.

रविवारी दोघांना घ्यायला येतो, सासवडपर्यंत जाऊन येऊ. काकूंना मागे बसवू, पण त्या बाजूचं दार जरा आपटून लावावं लागतं. ते बघायलाही एकदा यायचंच आहे तुमच्याकडे.

आपला,
हेरल्डवाला